रग्बी शिकायची तर: नियम, जागा आणि मैदानावरचा पहिला महिना

रग्बी नव्याने बघणाऱ्याचं घोडं बहुधा एकाच ठिकाणी अडतं. चेंडू घेऊन पळणारा पडतो, दोन्हीकडचे चार-पाच जण त्याच्यावर येऊन भिडतात, शिट्टी वाजते आणि रेफ्री एका बाजूला हात करतो. का केला, ते कळत नाही. गुण कसे मिळतात आणि संघात किती जण असतात, हे पाच मिनिटांत पाठ होतं. माणूस पडल्यानंतरचे तीन सेकंद समजायला मात्र वेळ लागतो आणि अख्खा खेळ त्याच तीन सेकंदांवर चालतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. रग्बी युनियनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पंधरा जणांच्या खेळात ४० मिनिटांचे दोन डाव असतात, सात जणांच्या खेळात ७ मिनिटांचे दोन. मैदान तेच आणि नियमही बहुतेक तेच. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून आहे ती सात जणांची रग्बी. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तोही सात जणांचाच. तिथे मात्र ४ मिनिटांचे चार भाग होते. बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं खेळली जाते ती पंधरा जणांची. आमचं मत असं, की नियम पंधरा जणांचे समजून घ्या, पण सुरुवात सात जणांनी करा. तीस माणसं एका वेळी जमवणं आणि स्क्रम (दोन्हीकडचे पुढचे खेळाडू वाकून, एकमेकांना धरून चेंडूसाठी ढकलतात तो प्रकार) शिकवणारा जाणकार मिळणं, दोन्ही मुंबईत सोपं नाही.

पाया: पुढे पळा, मागे द्या

चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतं, पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पुढे देता येत नाही. पास आपल्या बाजूला किंवा मागेच गेला पाहिजे. इथे रेफ्री बघतो ते हातातून चेंडू कोणत्या दिशेला सुटला ते. जोरात पळताना मागे दिलेला चेंडू पळण्याच्या वेगामुळे जमिनीच्या हिशोबाने थोडा पुढे सरकलेला दिसू शकतो. तो फाउल नाही. प्रेक्षकांतून ‘फॉरवर्ड, फॉरवर्ड’ असा ओरडा होतो, त्यातला बराचसा याच गैरसमजातून.

हातातून निसटून किंवा हाताला लागून चेंडू पुढे गेला, तर तो नॉक-ऑन. मागे निसटला तर खेळ चालू राहतो. नॉक-ऑन किंवा पुढे दिलेला पास झाला, की स्क्रम समोरच्या संघाला. एवढीच शिक्षा, कारण ही चूक आहे, लबाडी नव्हे. लबाडीला पेनल्टी असते.

दुसरा पाया ऑफसाइडचा. आपल्या संघाच्या चेंडूपुढे उभा असलेला खेळाडू खेळाबाहेर असतो. त्याने काही करायचं नाही: आडवं यायचं नाही, पुढे सरकायचं नाही. फुटबॉल खेळून आलेली मुलं सवयीने पुढे जाऊन उभी राहतात आणि पास मागतात. त्यांची ती सवय मोडायलाच आठवडा जातो. रग्बीत चेंडूवाल्याच्या मागे राहायचं आणि वेगाने येऊन चेंडू घ्यायचा.

रेषा आणि गुण

जिच्यावर किंवा जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात, ती ट्राय रेषा. पूर्ण मैदान ट्राय रेषेपासून ट्राय रेषेपर्यंत जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असतं. दोन्ही टोकांना ट्राय रेषेपलीकडे इन-गोलची पट्टी असते. गोलचे खांब ५.६ मीटर अंतरावर आणि आडवी दांडी जमिनीपासून ३ मीटरवर. सरावाला एवढं काही लागत नाही. ४० बाय २५ मीटरचा तुकडा फक्कीने आखला की काम भागतं. मात्र आझाद मैदान किंवा शिवाजी पार्कसारख्या ठिकाणी क्रिकेटची खेळपट्टी आखणीच्या आत येणार नाही, एवढं बघा. रोलर फिरवलेल्या कडक मातीवर खांद्यावर पडणं म्हणजे गळपट्टीचं हाड मोडून घेणं.

रेषांचा एक बारकावा सुरुवातीलाच डोक्यात बसवा. बाजूची टच रेषा मैदानाबाहेर धरतात: चेंडू हातात असताना पाय तिला लागला तरी तुम्ही बाहेर. ट्राय रेषा मात्र इन-गोलमध्येच मोडते: चेंडू तिच्यावर टेकवला तरी ट्राय मिळतो. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मीटरला चेंडू हात लांबवून रेषेवर टेकवण्याची धडपड दिसते.

ट्रायचे ५ गुण. चेंडू नुसता रेषेपलीकडे नेऊन भागत नाही, तो जमिनीवर टेकवावा लागतो. त्यानंतर कन्व्हर्जनची किक, २ गुण. ती जिथे ट्राय झाला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची असते. म्हणूनच मोकळा सुटलेला खेळाडू कोपऱ्यात ट्राय न करता खांबांच्या मधोमध वळतो. कोपऱ्यातून किकचा कोन फारच चिंचोळा मिळतो. पेनल्टीवर गोल मारला तर ३, चालू खेळात ड्रॉप किकने (चेंडू हातातून सोडून टप्पा पडताच मारून) गोल मारला तरी ३. बचाव करणाऱ्याने फाउल करून नक्की होणारा ट्राय अडवला, तर पेनल्टी ट्राय, थेट ७ गुण आणि किक नाही.

टॅकल: कबड्डीचं काय चालतं, काय नाही

कबड्डीत मुरलेल्या मुलांना टॅकलची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. मांडी पकडणं, घोटा धरणं, कंबरेत हात घालणं, हे सगळं चालतं. पण तीन गोष्टी बदलाव्या लागतात. एक, कबड्डीतला डॅश, म्हणजे हात न लावता खांद्याने उडवणं, रग्बीत फाउल आहे. हातांनी कवळ घालायलाच हवी. दोन, माणूस उचलून डोक्यावर आपटला तर सरळ लाल कार्ड. तीन, आणि हीच सर्वांत अवघड: कबड्डीत पकड मिळाली की जीव गेला तरी सोडायची नाही, रग्बीत माणूस जमिनीवर आला त्याच क्षणी सोडायची.

टॅकल शिकवायचा क्रम ठरलेला आहे, त्यात घाई करू नका. आधी दोघंही गुडघ्यांवर. मग टॅकल करणारा उकिडवा आणि समोरचा चालत. मग दोघंही चालत, आणि शेवटी हलक्या धावेने. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही खांद्यांनी पाच-पाच टॅकल. उजव्या हाताची मुलं डावा खांदा टाळतात. तो मुद्दाम करून घ्या.

टॅकल करताना पाय जवळ आणा. हात लांब करून दुरून झेप घेतली, की समोरचा सहज निसटतो. नजर चड्डीवर ठेवा, चेहऱ्यावर नाही; खांदे हुलकावणी देतात, कंबर देत नाही. डोळे उघडे, हनुवटी वर, पाठ सरळ. खांदा मांडीला किंवा कंबरेला लागला, की दोन्ही हातांनी कवळ घाला आणि पाय चालवत राहा.

आता डोक्याची जागा. पळणाऱ्याच्या उजव्या मांडीला खांदा लावला, तर तुमचं डोकं त्याच्या शरीराच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या पार्श्वभागाला टेकलेला. डोकं त्याच्या पुढ्यात गेलं, तर गुडघा कानशिलावर बसतो किंवा तो अख्खा तुमच्या मानेवर पडतो. टॅकलमधल्या डोक्याच्या दुखापती बऱ्याचदा इथेच होतात आणि मूळ कारण बहुधा एकच: ऐन वेळी डोळे मिटणं. डोकं चुकीच्या बाजूला जाताना दिसलं, की सराव तिथेच थांबवा आणि एक टप्पा मागे या.

खांद्यांच्या रेषेच्या वर टॅकल चालत नाही. सरावाला मर्यादा आणखी खाली, छातीच्या खाली ठेवा.

पडल्यानंतरचे तीन सेकंद

समजा, निळ्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन पळतोय आणि लाल संघाच्या खेळाडूने त्याला पाडलं. आता चार माणसांची चार कामं सुरू होतात.

पडलेला निळा: चेंडू लगेच सोडायचा. लगेच म्हणजे एक हालचाल करण्यापुरता वेळ. त्या वेळात अंग वळवायचं आणि दोन्ही हात लांब करून चेंडू आपल्या संघाच्या बाजूला ठेवायचा, शरीरापासून जितका दूर ठेवता येईल तितका. पोटाशी धरून बसला, की पेनल्टी. नवखे खेळाडू मदत यायची वाट बघत चेंडू कवटाळून बसतात, आणि सर्वाधिक पेनल्ट्या त्यातूनच जातात.

पाडणारा लाल: माणूस सोडायचा, बाजूला लोळायचं, उठायचं. उभं राहिल्याशिवाय चेंडूला हात नाही, आणि उठल्यावरही आपल्या बाजूनेच यायचं. निळ्या बाजूला अडकून पडला आणि चेंडू बाहेर यायच्या वाटेत राहिला, तरी पेनल्टी. ‘माझ्या अंगावर माणूस होता’ ही सबब काही वेळा खरी असते, पण रेफ्री निदान सुटायचा प्रयत्न दिसतोय का, ते बघतो.

दुसरा लाल, जो आत्ता पोहोचला: हा पायांवर उभा असेल आणि सरळ मागून आला असेल, तर वाकून चेंडू उचलू शकतो. पडलेल्याने चेंडू सोडला नाही तर पेनल्टी यालाच मिळते. इथे चूक होते ती कोपर किंवा हात जमिनीवर टेकवून वाकण्यात. स्वतःच्या पायांवर तोल हवा. पाय फाकवलेले, कंबर खाली, छाती चेंडूवर.

दुसरा निळा: त्याचं काम या दुसऱ्या लालला चेंडूवरून मागे ढकलणं. तोही मागूनच आला पाहिजे. खांदे कंबरेच्या वर, हाताने कवळ, आणि ढकलत चेंडूच्या पलीकडे. दुरून पळत येऊन नुसता खांदा मारला तर फाउल, आणि कवळ न घालता डोक्याला लागलं तर कार्ड.

हे दोघं उभ्याने, जमिनीवरच्या चेंडूवर एकमेकांना भिडले, की ‘रक’ झाला. तिथून नियम बदलतात. आता कोणी नव्याने हात घालायचा नाही. ज्याने रक व्हायच्या आधीच चेंडूला हात घातला होता, तोच पुढे ओढू शकतो. बाकीच्यांनी फक्त ढकलायचं. आणि दोन्ही संघांसाठी ऑफसाइडची रेषा तयार होते: आपापल्या बाजूने रकमध्ये सर्वांत मागे जो पाय आहे, त्याच्या मागे सगळ्यांनी उभं राहायचं. रकमध्ये येणाऱ्यानेही तिथूनच यायचं, बाजूने घुसायचं नाही. चेंडू मागच्या पायाशी येऊन पडून राहिला, की रेफ्री ‘यूज इट’ म्हणतो. त्यानंतर ५ सेकंदांत तो खेळावा लागतो.

हे अंगात मुरवायला एक सराव पुरतो. ५ मीटर रुंद पट्टी आखा. एक चेंडूवाला, एक पाडणारा, प्रत्येकी एक मदतनीस, दोघंही ३ मीटर मागे. सगळं चालीने करा आणि प्रत्येकाने आपलं काम मोठ्याने बोलायचं: ‘ठेवला’, ‘सोडला’, ‘लोळलो’, ‘मागून’. मुलं सुरुवातीला हसतात. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर बोलणं बंद करा आणि वेग वाढवा.

माणूस पडलाच नाही, उभ्यानेच धरला गेला आणि त्याच्या संघातला एक जण त्याला येऊन बिलगला, तर तो ‘मॉल’. इथेही मागच्या पायाची रेषा लागू, आणि मॉल मुद्दाम खाली पाडणं पेनल्टी.

कोण कुठे: १ ते १५

रग्बीत पाठीवरचा आकडा म्हणजे जागा. क्रिकेटसारखा आवडीचा नंबर घेता येत नाही, त्यामुळे बघणाऱ्याची सोय होते. १ ते ८ फॉरवर्ड, ९ ते १५ बॅक.

पहिल्या फळीत १ आणि ३ प्रॉप, मध्ये २ हूकर. स्क्रमचा सगळा भार या तिघांच्या मानेवर आणि खांद्यांवर येतो. १ क्रमांकाचं डावं अंग मोकळं असतं. ३ क्रमांकाचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं, म्हणून त्याचं काम जास्त कष्टाचं. हूकर स्क्रममध्ये पायाने चेंडू मागे ओढतो आणि लाइनआउटला, म्हणजे बाजूने बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मध्ये फेकून खेळ सुरू करताना, फेकही सहसा तोच करतो. जाडा दिसला की त्याला प्रॉप करायचं, ही आपल्याकडची खोड. मान आणि पाठ तयार नसलेल्या जाड मुलाला पहिल्या फळीत उभं करणं म्हणजे त्याच्या मणक्याशी खेळ आहे.

४ आणि ५ लॉक: उंच, लाइनआउटला उडणारे. ६ आणि ७ फ्लँकर: ७ मोकळ्या, रुंद बाजूला, रकला बहुधा पहिला पोहोचणारा; ६ अरुंद बाजूला. ८ स्क्रमच्या शेवटी चेंडू पायाशी सांभाळतो.

९ म्हणजे स्क्रम-हाफ, आणि नवख्या संघाचं नशीब याच्यावर असतं. प्रत्येक रकला त्याने पोहोचायचं आणि जमिनीवरून थेट पास द्यायचा. चेंडू आधी उचलायचा, मग मागे झोका घ्यायचा आणि मग द्यायचा, ही नेहमीची चूक. त्या अर्ध्या सेकंदात बचाव पुढे येऊन उभा राहतो. मागचा पाय चेंडूशी, पुढचा पाय जिथे द्यायचा तिकडे, आणि जमिनीपासूनच हात फिरवायचे. उंची लागत नाही. सतत बोलणारा मुलगा निवडा.

१० फ्लाय-हाफ: पळायचं, द्यायचं की मारायचं, हा निर्णय त्याचा. १२ आणि १३ सेंटर, टॅकलचं बरंच ओझं त्यांच्यावर. ११ आणि १४ विंगर, वेगवान. १५ फुल-बॅक, शेवटचा बचाव; आपल्या ट्राय रेषेपासून २२ मीटरच्या आत समोरून मारलेला चेंडू वरच्यावर झेलून तो ‘मार्क’ ओरडला, की त्याला फ्री किक मिळते.

सात जणांत तीन फॉरवर्ड आणि चार बॅक. तिथे सगळ्यांनाच सगळं करावं लागतं.

स्क्रम, लाइनआउट, किक

स्क्रमला रेफ्री तीन हुकूम देतो: ‘क्राउच’, ‘बाइंड’, ‘सेट’. पंधरा जणांत आठ विरुद्ध आठ, सातमध्ये तीन विरुद्ध तीन. पहिले काही महिने ढकलाढकलीविना स्क्रम करा: उभे राहा, धरा, ज्यांचा चेंडू त्यांना मिळू द्या. स्क्रम कोसळला तर सगळ्यांचं वजन पहिल्या फळीच्या मानेवर येतं, आणि ओल्या चिखलात पाय घसरतातच. हा भाग लेख वाचून शिकायचा नाही, प्रशिक्षकाकडूनच शिका.

चेंडू बाजूने बाहेर गेला की लाइनआउट. फेक दोन रांगांच्या बरोबर मधोमध सरळ जावी लागते. आपल्या २२ मीटरच्या बाहेरून मारलेला चेंडू टप्पा न पडता बाहेर गेला, तर लाइनआउट जिथून मारला त्या ओळीत परत येतो. म्हणून चांगला किकर आधी टप्पा पाडतो. पेनल्टीवर मात्र थेट बाहेर मारता येतो, आणि वर फेकही आपल्यालाच मिळते. तो नवख्या संघाचा पुढे सरकण्याचा सोपा मार्ग.

पहिला महिना

चेंडू ५ नंबरचा घ्या: ४१० ते ४६० ग्रॅम. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना ४ नंबर. स्टडचे फुटबॉल बूट चालतात, पण कडा धारदार झालेले स्टड बदला. माऊथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा. हलका चावला की निसटत असेल, तर पुन्हा बसवा. नखं कापलेली हवीत, अंगठी आणि साखळी उतरवलेली.

आठवड्यातून तीन दिवस, तासभर पुरे. पहिल्या आठवड्यात फक्त पास आणि टच रग्बी, म्हणजे टॅकलऐवजी दोन हातांनी स्पर्श. चेंडू दोन्ही हातांनी, बोटं पसरून धरा. हात अंगावरून आडवे फिरवा आणि सोडल्यावर बोटं जिथे द्यायचा तिकडेच राहू द्या. निशाणा घेणाऱ्याच्या छातीपुढे, मागे नाही. घेणाऱ्याने चेंडूवाल्याच्या तीन-चार मीटर मागून सुरुवात करायची आणि हात वर तयार ठेवायचे. तो बरोबरीने उभा राहिला, की पळताना चेंडूच्या पुढे जातो आणि पास पुढे दिल्याची शिट्टी वाजते. दोष देणाऱ्याला लागतो, चूक घेणाऱ्याची असते. दुसऱ्या आठवड्यात पडणं, चेंडू ठेवणं आणि गुडघ्यावरचं टॅकल. तिसऱ्यात रक. चौथ्यात सात-सात जणांचा छोटा सामना.

मुंबईत टॅकलचा सराव जूनमध्ये जमीन मऊ झाल्यावरच सुरू करा. एप्रिल-मे पास आणि टचवर काढा. ओला चेंडू फिरवून देऊ नका, पास छोटे ठेवा आणि झेलताना छातीशी घ्या. पाणी साचलेल्या मैदानावर खरचटलेल्या पायाने उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. जखम झाकून खेळा, नंतर साबणाने पाय धुवा, आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना मैदानाचं सांगा. वीज कडाडली की मैदान सोडा.

डोक्याला मार लागल्यावर चक्कर, उलटी, गोंधळ किंवा नुसती डोकेदुखी असली, तरी त्या दिवशी तो खेळाडू परत उतरणार नाही. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं मोजायचं नाही. परत खेळायला लावायचं ते डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आणि तेही हळूहळू.

सामन्यात उतरण्याआधी रेफ्रीचे हात ओळखायला शिका. तिरका वर गेलेला सरळ हात म्हणजे पेनल्टी, कोपरात वाकवलेला म्हणजे फ्री किक, खांद्याच्या उंचीला आडवा म्हणजे स्क्रम, कंबरेच्या उंचीला पसरलेला म्हणजे अ‍ॅडव्हांटेज: फाउल झालाय, पण फायदा मिळतोय तोवर खेळ चालू. त्यामुळे हात बघून थांबू नका, शिट्टी ऐकून थांबा. पिवळं कार्ड म्हणजे पंधरा जणांत १० मिनिटं बाहेर, सातमध्ये २. रेफ्रीशी बोलायचं ते फक्त कॅप्टनने. इतरांपैकी कोणी हुज्जत घातली, तर पेनल्टी १० मीटर पुढे सरकते, आणि तुमच्या ट्राय रेषेजवळ ते १० मीटर फार महागात पडतात.